चांदीवरचा मुद्राराक्षस

पुस्तकांची परीक्षणे मी पुष्कळ लिहिली. नाण्याचे परीक्षण लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. आमच्या एका नाणेवेड्या स्नेह्यांनी परवा मखमली डबी उघडली आणि "हात नका लावू, नुसतं बघा!" असा दम देऊन ते मला दाखवले. आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०१३ साली काढलेले चांदीचे नाणे. दर्शनी किंमत १० युरो, विक्रीची ४६, एकूण नाणी १०,०००. त्यावर जेम्स जॉइस आणि त्याच्या 'युलिसिस'मधली वाक्ये.

चांदी चोख, चेहरा झकास. पण वाक्यात जॉइसने कधीच न लिहिलेला एक 'दॅट' घुसून बसला आहे! यावर बँकेचे म्हणणे असे, की हे कलात्मक चित्रण आहे, शब्दशः उतारा नव्हे. नको असेल त्याने नाणे परत करावे, पैसे मिळतील. माझ्या एका लेखात 'कवी'चा 'कपी' झाला तेव्हा संपादकांना हे उत्तर सुचले नव्हते. बिचाऱ्यांनी मुकाट्याने शुद्धिपत्र छापले.

कुणी म्हणेल, मुद्राराक्षस तर जॉइसच्या घरचाच! कबूल. १९२२ साली पॅरिसमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीचे जुळारी फ्रेंच, इंग्रजी न जाणणारे, आणि हे गृहस्थ प्रुफांवरच नवा मजकूर लिहीत सुटलेले. चुकांची रास पडली. पण त्या निस्तरायला विद्वानांनी वर्षे घालवली आणि १९८४ साली सुधारित आवृत्ती काढली. कागद सुधारता येतो हो. चांदीला शुद्धिपत्र कुठे चिकटवणार? ज्याची उसनवारी जन्मभर सुटली नाही, त्याला मेल्यावर चांदीत उतरवायचे आणि त्याचे एक वाक्य पुस्तक उघडून ताडून पाहायचे नाही, याला सत्कार म्हणतात. वाचन निराळे.

"मग परत का नाही केलंत?" मी विचारले.

"वेडे की काय! चूक आहे म्हणून तर घेतलं!"

"आणि पुस्तक वाचलंत?"

"छे! तुम्ही?"

तावातावाने घरी येऊन मी कपाटातला 'युलिसिस' काढला. ते वाक्य तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच आहे. माझी खूण, बसचे एक जुने तिकीट, दुसऱ्या प्रकरणात होती.