बाटलीतला नमुना आणि नदीवरचा भार

नदीप्रदूषणाच्या चर्चेत एक आकडा हमखास येतो : लिटरभर सांडपाण्यात घाण किती? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी) साधारणतः लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. मर्यादा योग्यच आहे; पण तेवढ्यावर समाधान मानणे शास्त्राला धरून नाही.

समजा, एका कारखान्यातून रोज १ लाख लिटर सांडपाणी निघते आणि त्याची बीओडी लिटरला ९० मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोजचा भार ९ किलो. आता त्यात बोअरचे २ लाख लिटर स्वच्छ पाणी मिसळा. बाटलीतला नमुना ३० वर येऊन ‘पास’ होईल. नदीत मात्र तेच ९ किलो जातील; भूजल वाया गेले ते वेगळेच! ही लबाडी प्रवाह मोजल्यावरच उघडी पडते, कारण भार म्हणजे तीव्रता गुणिले प्रवाह.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालील संमतिपत्रात सांडपाणी किती सोडायचे तेही लिहिलेले असते. १९७७ च्या उपकर कायद्याने मीटर आले, पण ते वापरलेल्या पाण्याचे; तो उपकरही २०१७ मध्ये रद्द झाला. अतिप्रदूषणकारी १७ उद्योगगटांनी सांडपाण्याचे अखंड मापन करावे, असा आदेश केंद्रीय मंडळाने दिला तो २०१४ मध्ये. चाळीस वर्षे गेली!

मापन फार अवघड आहे का? नाही. नाल्यात ९० अंशांची ‘व्ही’ खाच असलेला पत्रा आडवा बसवावा. थोडे मागे, संथ पाण्यात, खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजावी. उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० असेल तर सुमारे २५ लिटर! उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पटींहून अधिक. म्हणून नजरेचा अंदाज इथे कामाचा नाही.

आमच्या नागपूरची नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. शहराची घाण गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचते. नाग नदीत घरगुती मैलापाणीही भरपूर आहे. प्रत्येक नाल्याच्या मुखाशी प्रवाह मोजल्याशिवाय कारखान्यांचा वाटा किती आणि आपला किती, हे कसे ठरणार?

वर्गातही आपण प्रदूषणाची कारणे पाठ करून घेतो, ‘किती?’ विचारत नाही. पावसाळ्यात एखाद्या उथळ, स्वच्छ पाटात संत्र्याची साल सोडा. १० मीटर जायला लागलेला वेळ मोजून वेग काढा. त्याला पाण्याच्या रुंदीने व सरासरी खोलीने गुणा. पृष्ठभागावरचे पाणी जास्त वेगाने धावते, म्हणून शेवटी ०.८५ ने गुणा. हा हिशेब केलेला विद्यार्थी उद्या केवळ बाटली पाहून फसणार नाही.