ग्रहशोधाचा वर्गखेळ : एक परीक्षण

सूर्यमालेचा पाठ संपला म्हणजे वर्गात चिठ्ठ्या दडवावयाच्या, प्रत्येक चिठ्ठीत एका ग्रहाचे वर्णन द्यावयाचे आणि तो ओळखून विद्यार्थ्यांनी पुढील चिठ्ठीकडे जावयाचे, अशी या खेळाची परिचित रचना आहे. मुले जागची उठतात, आपसांत विचारविनिमय करतात. हा त्याचा गुण निर्विवाद होय. तथापि खेळ रंगला म्हणजे ज्ञान झाले, असे नव्हे. त्याचे मोल चिठ्ठीवरील मजकुरावर अवलंबून असते, आणि त्या मजकुराचीच चिकित्सा सहसा होत नाही.

या मजकुराचा प्रमुख दोष म्हणजे त्यातील बिरुदावली. सर्वांत मोठा तो गुरू, तांबडा तो मंगळ, कड्यांचा तो शनी! बिरुद जुळले की उत्तर हाती येते. विचाराचे प्रयोजन उरत नाही. शिवाय ही बिरुदे टिकाऊही नसतात. १९७७ साली युरेनसची व १९७९ साली गुरूची कडी आढळली, १९८९ साली नेपच्यूनचीही निश्चित झाली. त्यासरशी कडी ही एकट्या शनीची खूण राहिली नाही. १९३० साली सापडलेला प्लूटो २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने बटुग्रह ठरविला आणि नवव्या ग्रहाची चिठ्ठी बाद झाली. परंतु ‘प्लूटो का वगळला?’ ही चिठ्ठी मात्र बाद होणारी नाही. कारण तिचे उत्तर देताना ‘ग्रह’ या संज्ञेचा विचार करावाच लागतो. मराठी घरांतील नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू व केतू आहेत, पृथ्वी मात्र नाही. ही विसंगतीही अशाच चिठ्ठीचा विषय होऊ शकते.

‘सर्वांत तप्त ग्रह कोणता?’ हा प्रश्नही वरवर बिरुदाचाच. पण तो मुलांना प्रथम बुधाकडे धाडतो, कारण बुध सूर्यापासून सुमारे ५.८ कोटी किलोमीटरांवर, तर शुक्र १०.८ कोटींवर आहे. तेथे उत्तर सापडत नाही. शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६५ अंश सेल्सिअस इतका तप्त आहे, कारण त्याचे कार्बन डायऑक्साइडचे दाट वातावरण उष्णता कोंडून ठेवते. त्या फसलेल्या फेरीतच ‘जवळ म्हणून तप्त’ हा सोपा तर्क गळून पडतो.

चिठ्ठ्यांच्या जागांचा उपयोग तर बहुधा केलाच जात नाही. त्या कपाटात वा बाकाखाली, सोयीप्रमाणे ठेवल्या जातात. सूर्य ते पृथ्वी हे अंतर एक मीटर धरले, तर बुध ३९ सेंटिमीटरांवर, गुरू सुमारे ५.२ मीटरांवर आणि शनी ९.५ मीटरांवर येतो. युरेनस १९, तर नेपच्यून ३० मीटरांवर. म्हणजे शेवटच्या दोन चिठ्ठ्यांसाठी वर्ग सोडून मैदानात जावे लागेल. पुस्तकातील चित्र जे सांगू शकत नाही ते, म्हणजे सूर्यमालेचा विस्तार, विद्यार्थ्याला स्वतःच्या पावलांनी कळेल.

सारांश, दोष शोधखेळाच्या कल्पनेत नसून तिच्या योजनेत आहे. नाव सापडताच संपणारी चिठ्ठी स्मरणाची परीक्षा घेते. नाव सापडल्यावर ‘असे का?’ हा प्रश्न मागे ठेवणारी चिठ्ठीच विज्ञानाच्या अध्यापनात गणावयास हवी.