दीर्घ उषेचा देश

लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ साली प्रसिद्ध झाला. नाव पुष्कळांना ठाऊक असते, वाचलेला थोड्यांनीच असतो. आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होते, हा सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत, आणि त्याबरोबर ग्रंथही निकालात काढला जातो. मला हा अन्याय वाटतो. इतिहास म्हणून तो टिकला नाही हे खरे. पण उषेच्या सूक्तांचे इतके जागे वाचन मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

त्यासाठी पाचवे प्रकरण उघडावे. आमच्या भिवंडीत फटफटायला लागल्यापासून सूर्य वर येईपर्यंत जेमतेम सव्वा तास जातो. रातपाळीचा कारागीर माग सोडून चहाला येतो तोवर ऊन पडलेले असते. वर्षातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहानात लहान अकरा तासांचा. अशा मुलखातल्या माणसाने पहाटेचे कौतुक करावे. ती येईल की नाही याची धास्ती त्याने का घ्यावी? टिळक नेमके इथे बोट ठेवतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या एका ऋचेत उषेचे दर्शन आणि सूर्योदय यांच्या मधे पुष्कळ दिवस गेल्याचे सांगितले आहे. भाष्यकार सायणाचार्य तिथे दिवसांचा अर्थ तेज असा लावून वाट काढतात. टिळकांना ती पळवाट मान्य नाही. कवीने दिवस म्हटले आहे ना, मग दिवसच घ्या, आणि असे कुठे घडते ते शोधा.

मग पुरावे येऊ लागतात. सूर्योदयापूर्वी यज्ञातल्या होता या ऋत्विजाने निदान हजार ऋचांचे आश्विनशस्त्र म्हणायचे. ते संपूनही सूर्य उगवला नाही तर दहाही मंडले म्हणायची सोय श्रौतसूत्रांत आहे. एवढे पठण आपल्या पहाटेत कसे बसावे? तैत्तिरीय संहितेत तर उषा एकटी नाहीच. त्या तीस बहिणी आहेत आणि घेर धरून फिरतात. ध्रुवावर तांबडे फुटते ते एका दिशेला थांबत नाही. क्षितिजाच्या कडेकडेने चोवीस तासांत एक फेरा घेते, आणि असे फेरे आठवडेच्या आठवडे चालतात. हे वाचल्यावर त्या तीस बहिणी डोळ्यांपुढे फेर धरू लागतात. सिद्धान्त पटो न पटो, सूक्त पुन्हा पूर्वीसारखे वाचता येत नाही.

टिळकांनी ध्रुवप्रदेश पाहिलेला नव्हता. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली, तेव्हा संस्कृत पंडित मॅक्समुल्लरने ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांना तुरुंगात पाठवली, आणि तिच्या वाचनातून ही कल्पना आकाराला आली. सुटून आल्यावर त्यांनी ती मॅक्समुल्लरला कळवली. काही ऋचांचा असा अर्थ लागेलही, पण भूगर्भशास्त्र आड येते, असे त्याचे म्हणणे पडले. टिळकांनी मग हिमयुगावरचे ग्रंथ चाळले, वॉरन या अमेरिकन विद्वानाचे १८८५चे ‘पॅरडाइज फाउंड’ अभ्यासले, आणि न पाहिलेले आकाश तिसऱ्या प्रकरणात उभे केले: तारे उगवत नाहीत, मावळत नाहीत, डोक्यावर आडवे फिरतात. वकिली शिस्तीने लिहिलेले हे प्रकरण मला फार देखणे वाटते.

याच ग्रंथात स्पिट्सबर्गनचा उल्लेख आहे. ज्या बेटावर हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही, तिथे एके काळी दाट अरण्ये होती, म्हणजे ध्रुवप्रदेश उबदार होता, हा टिळकांचा आधार. पानांचे ते ठसे खरे आहेत. स्पिट्सबर्गन ज्यात येते त्या स्वालबार द्वीपसमूहात लाँगियरब्येनजवळ आजही सापडतात. पण ती झाडे कोट्यवधी वर्षांपूर्वीची, माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीची. हिमयुगात हीच बेटे बर्फाखाली होती. १५९६ साली डच दर्यावर्दी बारेन्ट्स तिथे पोहोचला. मागोमाग देवमाशांचे शिकारी आले, विसाव्या शतकात कोळशाच्या खाणी आल्या. बारेन्ट्सच्या आधी तिथे वस्ती असल्याचा भक्कम पुरावा नाही.

तरी भारताचा त्या बेटांशी संबंध जुळला. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला स्वालबार करार झाला, तेव्हा ब्रिटिश साम्राज्याबरोबर भारतही त्यात आला. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले. २००८ साली न्यू-ओलेसुंड इथे ‘हिमाद्री’ हे आपले संशोधन केंद्र सुरू झाले. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे त्याचे काम आहे. न्यू-ओलेसुंडला ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिसतो.

ग्रंथात कंटाळवाणा भागही आहे. इंद्र-वृत्राचे युद्ध आणि कोंडलेले पाणी यांवरचे नववे प्रकरण फार ताणले आहे; प्रत्येक कथा ध्रुवाच्या साच्यात बसवण्याचा हट्ट तिथे उघडा पडतो. सहावे मात्र सोडू नये. पूर्वी ब्राह्मणांना रात्र उजाडणार नाही अशी भीती वाटे, हे तैत्तिरीय संहितेतले स्पष्टीकरण टिळकांना तिथे सापडते, आणि ते त्यातले ‘पूर्वी’ घट्ट धरतात. संहिताकारालाच ती भीती जुनी, ऐकीव वाटत होती, हे त्यांनी हेरले. तिचे उगमस्थान त्यांनी ध्रुवावर ठेवले, ते मला मान्य नाही; पण यज्ञाच्या रूक्ष स्पष्टीकरणात दडलेली ती भीती मला त्यांनीच दाखवली. पाचवे आणि सहावे प्रकरण सलग वाचावे, नववे चाळावे, मग अकराव्यात पारशांच्या अवेस्तेकडे जावे. तिथे यिमा राजाच्या वाड्यात राहणाऱ्यांना वर्ष एका दिवसासारखे वाटते.