चाकातला कानसेन

हातखंब्याच्या तिठ्यावर पहाटे उभ्या असलेल्या ट्रकांपाशी जरा वेळ थांबा. आंबा घाटाकडे निघण्याआधी ड्रायव्हर खाली उतरतो, टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेका टायरवर ठोका मारतो आणि ऐकतो. भरलेला टायर टॉमी टणकन परत फेकतो. हवा उतरलेला नुसता ‘धप्प’ म्हणतो. जोडचाकातला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो कानानेच ओळखावा लागतो. मोटारीतली टायर प्रेशर मॉनिटरिंग यंत्रणा ही मला त्याच कानाची पुढची पिढी वाटते.

तिची एक जात थेट टायरच्या पोटात राहते. व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमला चिकटून, जेमतेम ३० ग्रॅमचा ठोकळा असतो. त्यात केसाहूनही पातळ असा सिलिकॉनचा पडदा. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो, त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलातून दाबाचा आकडा मिळतो. हा नाजूक पडदा बसवलाय कुठे, ते पाहा. ताशी ८० किलोमीटरला चाकाच्या गरगरण्यामुळे त्या ठोकळ्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे शंभरपट ओढ येते. ३० ग्रॅमचे तीन किलो होतात. वर खड्ड्यांचे दणके वेगळेच. एवढ्या धुमश्चक्रीत तो पडदा हवेचे बारीकसे उतरणेही टिपतो!

त्याची काटकसरही पाहण्याजोगी. बॅटरी ठोकळ्यातच कायमची बंद केलेली, बदलता न येणारी; तिच्यावर सात-दहा वर्षे काढायची. म्हणून गाडी उभी असताना तो झोपतो, चाक फिरू लागले की जागा होतो, साधारण मिनिटाला एकदा बोलतो. हवा भसाभस जाऊ लागली, तर मात्र तत्क्षणी. चारही चाके ४३३ मेगाहर्ट्झच्याच रेडिओलहरींवर बोलतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक, आणि बोलण्याच्या वेळा मुद्दाम थोड्या मागेपुढे, एकाच्या तोंडी दुसऱ्याचे बोलणे येऊ नये म्हणून. जाणत्या साथीदाराचाच हा संयम.

पण मला खरी भुरळ घातली ती दुसऱ्या जातीने. इथे टायरमध्ये काहीच नसते. ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी प्रत्येक चाकाची गती मोजणारा सेन्सर असतोच; आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. हवा उतरली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, आणि इतरांच्या बरोबरीने अंतर कापायला त्याला जास्त फिरावे लागते. एवढ्यावरून चोर पकडायचा! मात्र चारही टायर सारखेच उतरले, तर तुलना कोणाशी करणार? यावरचा तोडगा म्हणजे या कारागिरीची सम. टायरच्या रबराला स्वतःचे कंपन असते, सेकंदाला चाळीसच्या आसपास. दाब घटला की रबर सैल पडते आणि तो सूर उतरतो. गतीच्या नोंदीतली सूक्ष्म थरथर गाळून यंत्रणा नेमका तो उतरलेला सूर ऐकते. टॉमीचा ठोका इथे रस्ताच मारतो. नेमका आकडा हवा असेल तर पहिली जात घ्यावी; कला म्हणून मी हिलाच वर बसवीन.

डॅशबोर्डवरच्या दिव्यातही एक बारकावा आहे. नालेसारखी दिसणारी ती आकृती म्हणजे आडवा कापलेला टायर. दिवा स्थिर असेल तर हवा कमी. पण मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणाच बिघडलेली. बहुतेक गाड्यांत ही खूण पाळलेली दिसते. स्वतःचे दुखणे वेगळ्या रीतीने सांगण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये असलेली ही चैन आज आपल्या साध्या मोटारींतही आली आहे.

रत्नागिरीकरांना एक विनंती. पहिल्या जातीच्या सेन्सरची व्हॉल्व्हदांडी अनेकदा ॲल्युमिनियमची असते. तिच्यात साधी पितळी पिन बसवली, तर खाऱ्या हवेत एक धातू दुसऱ्याला खातो आणि पिन आतच अडकून बसते. पंक्चर काढून घेताना निकेलचा मुलामा दिलेली पिनच मागा, आणि वर प्लॅस्टिकचे टोपण लावायला विसरू नका.