‘रेल्वे आली’ : कर्त्याविना लिहिलेला इतिहास

गोंदियावरचा कोणताही लेख उघडावा, मग तो शाळेच्या स्मरणिकेतला असो की वर्तमानपत्राच्या वर्धापनदिन पुरवणीतला. पहिल्या एक-दोन परिच्छेदांत ‘रेल्वे आली आणि गोंदियाचा कायापालट झाला’ अशा अर्थाचे वाक्य भेटतेच. वाक्य खोटे नाही. रेल्वेचे जंक्शन झाले नसते तर धानाच्या गिरण्यांचे, बिडी-तंबाखूच्या व्यापाराचे हे गाव आज दिसते तसे झाले नसते. माझा आक्षेप आहे तो या वाक्यातल्या क्रियापदावर.

‘येणे’ हे अकर्मक क्रियापद. पाऊस येतो, पूर येतो, साथ येते, तशी रेल्वे आली. वाक्याचा कर्ता रेल्वेच. ती कोणी बांधली, हा प्रश्न या वाक्याला विचारताच येत नाही. इंग्रजी अहवालांत हीच हकिकत कर्मणी प्रयोगात असते: मार्ग बांधण्यात आला, वाढविण्यात आला, वाहतुकीस खुला करण्यात आला. कर्मणी प्रयोगात कर्ता लपलेला असला तरी त्याची जागा शिल्लक असते; ‘कोणाकडून?’ असे विचारले की काहीतरी उत्तर द्यावे लागते. आपल्या ‘आली’मध्ये ती जागाही उरत नाही. लोहमार्ग बांधणारा मजूर अशा रीतीने दोनदा पुसला गेला, असे माझे म्हणणे आहे. पहिल्यांदा साहेबाच्या कागदात, दुसऱ्यांदा आपल्या बोलण्यात. पहिल्या पुसण्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे.

मार्गाची हकिकत

मुंबईहून निघालेला जी.आय.पी.चा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि तिथेच थांबला. १८७० पासून मुंबई ते कलकत्ता रेल्वेने जाता येऊ लागले, पण जबलपूर-अलाहाबादचा वळसा घालून. नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगडचे धान्य होते आणि ते बाहेर काढायला बैलगाडीशिवाय साधन नव्हते. म्हणून नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत गेला. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे छोटा नागपूरचे जंगल ओलांडून १८९१ मध्ये आसनसोलशी जोडला. १९०० साली खरगपूरमार्गे हावड्याचा रस्ता मोकळा झाला. देशाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंतचा हा जवळचा मार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या पोटातून जातो. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेला नैनपूर-जबलपूर आणि दक्षिणेला नागभीड-चांदा असे नॅरोगेजचे फाटे निघाले.

म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत या एका पट्ट्यात जमीन तीनदा उकरली गेली: मीटरगेजसाठी, ब्रॉडगेजसाठी आणि नॅरोगेजसाठी. याच काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन मोठे दुष्काळ होऊन गेले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वेचे जाळे वाढवणे हा दुष्काळावरचा प्रमुख उपाय सांगितला होता. त्यामुळे सरकारी लिखाणात रेल्वे ही भुकेलेल्यांना वाचवणारी म्हणून येते. पण वाचवायचा तो भुकेला आणि भरावावर माती टाकणारा, ही बहुधा एकाच थरातली माणसे होती. त्या लिखाणात ती दोन वेगळ्या प्रकरणांत बसवलेली दिसतात.

एका हातची दोन पुस्तके

प्रकरणांची ही वाटणी पाहायची तर आर. व्ही. रसेल यांची दोन पुस्तके शेजारी ठेवावीत. भंडारा जिल्ह्याचा १९०८ चा गॅझेटियर त्यांच्या संपादनाखालचा. गोंदिया तेव्हा आणि पुढे १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यात. दुसरे पुस्तक म्हणजे रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने लिहिलेला, १९१६ साली चार खंडांत निघालेला मध्य प्रांतातील जातीजमातींचा ग्रंथ. गॅझेटियरमध्ये रेल्वेची जागा दळणवळणाची: मार्ग, स्थानके, माल. जातींच्या ग्रंथात खोदणाऱ्याची जागा अक्षरक्रमाने: बेलदार. त्या एका नोंदीखाली ओड, मटकुडा, वडार, पाथरवट अशी कितीतरी नावे एकत्र बांधली आहेत. गवंडीकाम करणारे, माती खणणारे, तलावांच्या आणि शेतांच्या पाळी घालणारे असे हे समूह.

या नावांकडे जरा थांबून पाहावे. फारसीत ‘बेल’ म्हणजे कुदळ-फावड्याच्या जातीचे अवजार. ते धरणारा तो बेलदार. माती खोदणारा तो मटकुडा. ही सगळी कामाची नावे आहेत. इंग्रजीतही असाच शब्द आहे, ‘नॅव्ही’. अठराव्या शतकात इंग्लंडात कालवे खोदणाऱ्यांना ‘नॅव्हिगेटर’ म्हणत, त्याचे हे आखूड रूप. पुढे तोच माणूस रेल्वेचे भराव घालू लागला आणि इंग्रजी इतिहासात कामगार म्हणून नोंदला गेला. आपल्याकडच्या त्याच कामाच्या माणसाची नोंद जात म्हणून झाली: उत्पत्तिकथा, लग्नाच्या चाली, अंत्यसंस्कार. जे कौशल्य होते ते वंशपरंपरेची सवय ठरले. रसेल यांची मेहनत आणि चौकसपणा मी मानतो. त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. पण त्यांच्या मांडणीत रूळ एका पुस्तकात आणि हात दुसऱ्या पुस्तकात राहिले. त्यांची गाठ वाचकालाच मारावी लागते.

मजूर कागदावर केव्हा येतो?

मजुराचा कागदावर प्रवेश होण्याच्या वाटा थोड्या आहेत. एक वाट दंग्याची. बोरघाटाचे काम १८५६ ला सुरू झाले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तिथे उठाव झाला आणि मग कंत्राटदार, मुकादम, मजुरी यांची चौकशी झाली. काम ऐन भरात असताना घाटात ४०,००० हून अधिक माणसे होती, हे आपल्याला ठाऊक आहे ते तिथल्या कामाचा गाजावाजा झाला म्हणून. दुसरी वाट जहाजाची. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेसाठी सुमारे ३२,००० हिंदी मजूर करारावर आफ्रिकेला नेले. त्यातले सुमारे २,५०० मेले. ही मोजदाद झाली, कारण ते करारबद्ध होते आणि समुद्रापार गेले होते. शेजारच्या तालुक्यातून टोपले घेऊन चालत आलेल्याशी करार नव्हता, म्हणून त्याच्या जाण्याचीही नोंद कोणावर बंधनकारक नव्हती.

अमेरिकेतही वेगळे घडले नाही. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमोन्टरीला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले, तो प्रसिद्ध फोटो निघाला. पश्चिमेकडून सिएरा नेवाडाचे पहाड फोडून मार्ग आणणाऱ्या हजारो चिनी मजुरांना त्यात स्थान मिळाले नाही. कंपनीच्या पगारपत्रकांत नाव असे ते टोळीच्या म्होरक्याचे. त्याच्या हाताखालची माणसे आकड्यात.

आपली पद्धत याहून फार दूरची नव्हती. मातीकामाचे पैसे माणसाला मिळत नसत, मातीला मिळत. ज्या खड्ड्यातून माती उचलायची तिथे मधेच न खणलेला एक खुंट ठेवायचा; त्याच्या उंचीवरून खोली मोजायची, लांबी-रुंदीने गुणायचे आणि माप लिहायचे. १०० घनफुटांचा एक ब्रास. आजही आपण मुरूम आणि रेती ब्रासनेच घेतो. मापाच्या वहीत खड्डा येतो, कंत्राटदार येतो. खणणारा नवरा, डोक्यावर वाहणारी बायको, गाढवे हाकणारे पोर यांचे सगळे कुटुंब त्या एका आकड्यात मुरून जाते. बाईचे काम तर दुहेरी अदृश्य. ती वाहते, आणि वाहण्याचे माप खणण्याच्या मापातच धरलेले.

किपलिंग आणि फुले

सिवनीच्या जंगलामुळे किपलिंग आपल्याकडे शेजारी वाटतो. त्याची ‘द ब्रिज बिल्डर्स’ ही १८९३ ची कथा गंगेवरच्या रेल्वेपुलाची आहे. शीर्षक अनेकवचनी, पण नावे ठसतात ती तीन: फिंडलेसन आणि हिचकॉक हे दोन इंग्रज इंजिनिअर आणि पेरू हा खारवा खलाशी. पेरू हे किपलिंगचे श्रेय आहे. दोर, कप्पी, वजन यांचे त्याचे ज्ञान साहेबाहून कमी नाही, आणि पुलाविषयी तो मालकीच्या सुरात बोलतो. हिंदी कारागिराचे असे कौशल्य त्या काळच्या किती अहवालांत सापडेल? मात्र पेरू निष्ठावंत आहे म्हणूनच त्याला नाव मिळते. मागची हजारो माणसे जमाव म्हणून, किंवा साथीचे बळी म्हणून येतात. मजुरी हा विषय कथेत नाही.

तो विषय जोतीराव फुल्यांकडे आहे. ‘गुलामगिरी’ला (१८७३) जोडलेल्या पवाड्यांत इंजिनिअर खात्यातल्या भट कामगारांवर एक पवाडा आहे. फुले स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत, खडकवासल्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळे त्यांना हे जग आतून ठाऊक होते. किपलिंगची नजर पुलाच्या टोकावर, तर फुल्यांची हिशेबाच्या वहीवर. काम करणारा आणि पैसे देणारा यांच्या मधल्या पायरीवर काय घडते, हे ते दाखवतात. साहित्य म्हणून किपलिंगची कथा अधिक देखणी आहे, हे मान्य करूनही मी म्हणेन की रेल्वेच्या मजुरावर लिहायला बसणाऱ्याने आधी फुले वाचावेत. ‘कोणी बांधले?’ या प्रश्नामागे ‘कोणाला किती मिळाले?’ हा प्रश्न उभा असतो.

पाळ आणि भराव

आपल्या मुलखाला नावे लक्षात ठेवण्याची सवय नाही, असे कोणी म्हणू नये. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असे परंपरा सांगते, आणि ते सांगताना क्रियापद सकर्मक असते: बांधला. अर्थात इथेही नाव पाटलाचे उरले, पाळीवर माती टाकणाऱ्यांचे नाही. परंपरेलाही वरच्याचे नाव सोपे जाते.

पण दुसरे उदाहरण याहून पुढचे आहे. सालेकसा ओलांडून गाडी दरेकशाला येते, आणि पुढे बोरतलावकडे जाताना डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात शिरते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी हजारो गोंड भाविक दरेकशालाच उतरतात. कचारगडची कथा गुहेत कोंडलेल्या मुलांची आहे. पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवले. तोंडावरची शिळा सरकली तेव्हा किंगरी वाजवणारा हिरासुका पाटारी तिच्याखाली चिरडून मेला. गोंडांनी लिंगोचे नाव राखले, मुलांचे राखले आणि शिळेखाली गेलेल्या वादकाचेही राखले. तिथून थोड्याच अंतरावर डोंगर फोडून केलेला बोगदा आहे. त्याच्या नशिबी अशी कथा आली नाही, कारण तो कोणा एका समाजाचा नव्हता. काम संपले की तांडे पुढच्या मुक्कामाला गेले.

यावर एक उपाय लोकप्रिय आहे, पण तो मला मान्य नाही. ‘एकेका स्लीपरखाली एकेक मुडदा आहे’ असे लिहून मोकळे व्हायचे. हे वाक्य जगातल्या पुष्कळ रेल्वेमार्गांबद्दल बोलले जाते, आणि म्हणूनच ते कोणत्याही एका मार्गाबद्दल काही सांगत नाही. त्याने मजुराला जागा मिळते ती मेल्यावर. जिवंतपणी त्याला उतार किती ठेवायचा, कोणती माती धरते, कोणती पहिल्या पावसात वाहते, हे कळत होते. रुळांखालचा भराव त्याच समजुतीवर उभा राहिला. हळहळीपेक्षा या ज्ञानाची नोंद करणे अवघड आहे, आणि अधिक न्यायाचेही.

ती नोंद करायला साधने आहेत. धानाच्या या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही अंगांना सलग खड्डे दिसतात. पावसाळ्यात ते भरून बोड्यांसारखे दिसतात. भरावाची माती त्यांतूनच आली. जेवढा भराव वर, तेवढी पोकळी शेजारी. ते खड्डे गावोगाव मोजता येतील. रेलटोलीसारखी वस्त्यांची नावे, बेलदार-वडार घराण्यांच्या मुक्कामांच्या आठवणी, मातीकामाच्या बोलीतले शब्द गोळा करता येतील. राजनांदगाव ते नागपूर तिसऱ्या मार्गाच्या निमित्ताने याच पट्ट्यात पुन्हा माती पडली, यंत्रांनी आणि कंत्राटावर आलेल्या परप्रांतीय मजुरांकडून. त्यांची नावे आज विचारली तर मिळतील. आणि पुढच्या स्मरणिकेत गोंदियाच्या रेल्वेवर लिहिताना निदान ‘आली’ खोडून ‘बांधली’ लिहावे. मग वाक्य अपुरे वाटेल, आणि लिहिणाऱ्याला कर्ता शोधावा लागेल.