ओलाउदा इक्वियानो यांचे मुद्रित व्यक्तिचित्र : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीने शब्दांइतकाच चित्रांचाही आधार घेतला. त्यांत ओलाउदा इक्वियानो यांच्या १७८९ मधील मुद्राचित्राचे स्थान वेगळे आहे. १७६६ मध्ये ४० पौंड भरून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या या लेखकाच्या आत्मचरित्राच्या आरंभी ते छापलेले आहे.

चित्राचे स्वरूप :
विल्यम डेंटन यांच्या मूळ चित्रावरून डॅनियल ऑर्म यांनी ठिपक्यांच्या कोरीव तंत्राने ते सिद्ध केले. इक्वियानो तत्कालीन सभ्य गृहस्थाच्या पोशाखात आहेत. हाती उघडे बायबल असून दृष्टी थेट पाहणाऱ्याकडे आहे. १७८७ मध्ये जोसाया वेजवूड यांच्या कारखान्यात घडलेल्या पदकावरील बेड्यांत जखडलेला, गुडघे टेकून हात जोडणारा गुलाम निनावी आहे. तो दयेची याचना करतो. इक्वियानो याचना करीत नाहीत.

आक्षेप आणि विवेचन :
हा वेश व हा ग्रंथ म्हणजे मालकवर्गाच्या संस्कृतीचा स्वीकारच होय, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी निराधार नाही. पहिल्या आवृत्तीच्या वर्गणीदारांच्या यादीत प्रिन्स ऑफ वेल्स यांचे नाव होते आणि चित्राला याच वर्गाशी बोलायचे होते. परंतु चित्राखालील मजकूर या आक्षेपाला मर्यादा घालतो. तेथे आफ्रिकी नाव प्रथम येते. मालकाने लादलेले ‘गुस्ताव्हस व्हासा’ हे नाव त्यानंतर येते. शिवाय प्रकाशक म्हणूनही व्हासा हेच नाव आहे. ज्याची एकेकाळी विक्री झाली, तोच येथे स्वतःच्या प्रतिमेचा धनी झाला आहे.

१७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांचे जन्मस्थान कॅरोलिना असे आढळल्यामुळे ‘आफ्रिकी’ हे बिरुद वादग्रस्त ठरले आहे. तथापि त्यामुळे चित्राचे मोल घटत नाही. ते बिरुद वर्णन न राहता जाणीवपूर्वक केलेला दावा ठरते, इतकेच.

समारोप :
इक्वियानो १७९७ मध्ये निवर्तले. ब्रिटिश संसदेने या व्यापारावर १८०७ मध्ये बंदी घातली. ती त्यांना पाहता आली नाही. मात्र पीडिताला करुणेचा विषय न मानता साक्षीदार मानावे, ही मागणी या मुद्राचित्राने त्यापूर्वीच नोंदविली होती. त्याचे खरे महत्त्व यातच आहे.