लाकडाचा झगा : एर्न्स्ट बारलाखची मानवाकृती

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय शिल्पकलेत मानवाकृतीचे काय करायचे, या प्रश्नाची दोन उत्तरे विशेष गाजली. रोदँने देहाच्या स्नायूस्नायूंतून अंतरीची खळबळ बोलती केली. ब्रांकुशीने देह तासत तासत शुद्ध आकारापाशी नेला. जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाख (१८७०–१९३८) या दोन्ही वाटांनी गेला नाही. त्याने देह झाकला.

१९०६ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो भावाकडे खार्किवला गेला. आज युक्रेनमध्ये असलेले हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. सपाट, अफाट भूमी आणि तिच्यावर गाठोड्यासारखी बसलेली भिकारी माणसे त्याने तेथे पाहिली. परतल्यावर तो लाकडाकडे वळला, आणि १९१०पासून ग्यूस्ट्रो या लहानशा गावी राहून आयुष्यभर बहुधा हीच माणसे कोरीत राहिला.

ग्रीक शिल्पातील वस्त्र देह दाखविण्यासाठी असते. ओल्या कापडासारखे ते अंगाला चिकटते. बारलाखच्या जाड झग्याखाली मात्र शरीररचनेचा मागमूसही लागत नाही. उरतात चेहरा, हात आणि पावले. प्लास्टरच्या ग्रीक ठशांवरून रेखाटन शिकलेल्या डोळ्यांना हे प्रथम अपुरेपण वाटेल. पण हा झगा लाकडाच्या धर्मातूनही आलेला आहे. खोडाचे तंतू उभे धावतात. त्यांना आडवा छेद देऊन पसरलेला हात दुबळा होतो, मोडतो. म्हणून ओंडक्यातून निघणाऱ्या आकृतीचे हात अंगालगत राहतात, आणि कारागिराची ही अडचण बारलाखकडे माणसाच्या मिटलेपणाचा अर्थ होऊन येते. पटाशीचे घाव तो घासून टाकीत नाही. पृष्ठभाग किंचित थरथरता राहतो. मध्ययुगीन जर्मन चर्चमधील काष्ठशिल्पांशी त्याचे नाते आहे ते येथे. विषयाच्या धार्मिकतेत ते शोधण्याची गरज नाही.

या पद्धतीचे बळ माक्डेबुर्गच्या कॅथीड्रलमधील युद्धस्मारकात (१९२९) सर्वांत अधिक जाणवते. वर क्रूसाभोवती तीन सैनिक उभे आहेत. खाली तीन अर्धाकृती : शोकाने चेहरा झाकलेली स्त्री, शिरस्त्राण घातलेला सांगाडा, आणि डोके हातांनी गच्च धरलेला पुरुष, ज्याच्या छातीवर वायूपासून बचाव करणारा मुखवटा लोंबतो आहे. येथे कोणी जिंकलेले नाही. स्मारकाकडून वीरश्रीची अपेक्षा करणाऱ्यांना हे सोसवले नाही. नाझी राजवटीत, १९३४ साली, ते तेथून हलविण्यात आले. १९५०च्या दशकात परत आले. १९३७ साली बारलाखची शेकडो कामे ‘अधःपतित कला’ म्हणून संग्रहालयांतून काढण्यात आली. ग्यूस्ट्रोच्या कॅथीड्रलमध्ये टांगलेली त्याची तरंगती ब्राँझ आकृती (१९२७) त्याच वर्षी उतरविली गेली आणि पुढे वितळविण्यात आली. त्या आकृतीचा चेहरा चित्रकर्ती केटे कोलविट्झच्या चेहऱ्याशी जुळतो. तो नकळत उतरला, असे बारलाखचे म्हणणे होते.

‘ऐकणाऱ्यांची पट्टी’ (१९३०–३५) हे ओकच्या नऊ उभ्या आकृतींचे काम अभिनेत्री टिला ड्यूरिओने सांगितले होते. तिला ते परवडेनासे झाल्यावर उद्योजक हेरमान रेएम्त्स्माने ते पूर्णत्वास नेले. ते आता हॅम्बुर्गच्या बारलाख संग्रहालयात आहे. त्यातील आंधळा आणि वाटसरू यांच्या उभे राहण्यातच ऐकणे आहे. ‘श्रद्धावान’ वा ‘कृपांकित’ या आकृतींविषयी मात्र तसे म्हणवत नाही. तेथे भक्तिभाव फार सहज हाती लागतो, आणि झगा शोध न राहता सवय होतो. कोलविट्झची उपाशी मुले पाहिल्यावर आणखी एक शंका येते. भुकेला शेवटी शरीरच असते. ते झाकून दुःखाला काही मोठेपणा येतो, तसेच त्याचे कारणही धूसर होते.

आणि एक आकृती बारलाखच्या चाहत्यांनाही अवघड जाते. युद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ साली, तोही उत्साहाने भारावला होता. त्या वेळचा ‘सूड घेणारा’ तलवार डोक्यामागे नेऊन जवळजवळ आडवा झेपावतो; झगा तोच, पण येथे तो वेगाची एकसंध रेषा होतो. पुढे बारलाखचे युद्धाविषयीचे मत पालटले. तरीही १९२२ साली त्याने हीच आकृती पुन्हा हाती घेतली, आणि ती लाकडात कोरली.